गळा भरताना

मराठी नवरी मांडवात येते तेव्हा तिच्या अंगावर सगळे दागिने असतात, फक्त एक नसतो. मंगळसूत्र अजून यायचे असते. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो, आधी फुलांचा हार गळ्यात पडतो आणि मग विधींच्या ओघात काळे मणी नि वाट्या येतात. म्हणजे सकाळी आरशासमोर बसून जो गळा सजवला, त्यावर पुढच्या दोन-तीन तासांत आणखी दोन वस्तू चढणार असतात आणि दोन्हींचा मान आधीच्या सगळ्यांच्या वरचा. लांब हार कसे घालावेत याचा विचार इथून सुरू व्हायला हवा. हे पुस्तक त्याच एका मतावर उभे आहे.

आपल्याकडे हा विचार बहुधा उलट्या टोकाने होतो. आधी दुकानातला सेट पसंत होतो, मग साडी, मग ब्लाउज शिवायला टाकला जातो. लग्नाच्या आदल्या रात्री आजी कपाटातून पुतळ्यांची माळ काढते आणि म्हणते, "अगं, ही तर घालायलाच हवी." घालायला हवीच. पण तोवर गळ्यावर जागा उरलेली नसते. मग ठुशी, तन्मणी, सेटमधला राणीहार, आजीची माळ आणि सासरकडून आलेला चपलाहार असे सगळे एकावर एक चढते. फोटोत सोन्याचा एक पत्रा दिसतो. कुठला दागिना कुणाचा, कुठला कसा घडलेला, काही कळत नाही. इतके सोने घालून ते दिसू नये, याला खर्च म्हणतात, शृंगार नव्हे.

लांब हार म्हणजे नेमके कोणते, ते आधी सांगून टाकते. गळ्यालगत बसणारे ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक हे दागिने या पुस्तकाचा विषय नाहीत, पण त्यांच्याशिवाय लांब हाराला वरची कड मिळत नाही, म्हणून ते येत-जात राहतील. त्यांच्या खाली, गळ्याच्या खळग्यापासून छातीपर्यंत, बोरमाळ, तन्मणी, कोल्हापुरी साज. त्याखाली पुतळ्यांची माळ, लक्ष्मीहार, बकुळहार, पोहेहार. आणि सगळ्यांच्या खाली, पोटापर्यंत पोचणारे मोहनमाळ, चपलाहार, चंद्रहार, शाहीहार, राणीहार. ही उतरंड काही दगडावरची रेघ नाही. बोरमाळ एका घरात गळ्याशी असते, दुसऱ्या घरात तीन सरांची होऊन पोटावर येते. नावांचेही तसेच. कोल्हापूरचा सराफ ज्याला एक म्हणेल त्याला पुण्याचा दुसरे म्हणेल आणि मुंबईच्या झवेरी बाजारात तिसरेच ऐकू येईल. नावावरून भांडू नये, घाट पाहावा.

घाट ओळखायला फारशी विद्या लागत नाही. आपल्या सोनारांनी मण्यांचे आकार शेतातून आणि परसातून उचलले. बोराएवढा गोल मणी बोरमाळेत, जवाच्या दाण्यासारखा लांबट मणी साजात आणि जवमाळेत, जोंधळ्याएवढा बारीक मणी जोंधळी पोतीत, पोह्यासारखी चपटी पाकळी पोहेहारात, बकुळीचे फूल बकुळहारात. मोहनमाळेचे मणी खरबुजासारखे चिरा पाडलेले असतात. त्या चिरांवर उजेड तुटतो, म्हणून साध्या गोल मण्यांच्या माळेपेक्षा मोहनमाळ लांबूनही उठून दिसते. चपलाहारात चपट्या चकत्यांचे दोन-तीन सर असतात आणि ते अंगाला चिकटून राहतात. चंद्रहारात कड्यांच्या साखळ्यांचे सर कोरीसारखे एकाखाली एक लोंबतात. ते हलतात आणि वाजतातही. अंगाला चिकटणारा हार आणि हलणारा हार हा फरक लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे.

पुतळ्यांच्या माळेपाशी थोडे थांबायला हवे, कारण आपल्या लांब हारांत इतका दूरचा प्रवास करून आलेला दुसरा नाही. व्हेनिसच्या टाकसाळीत १२८४पासून डुकाट नावाचे सोन्याचे नाणे पाडले जात होते. साधारण साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे. त्याच्या एका बाजूला सेंट मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दोघांच्या मधोमध निशाणाची उभी काठी. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात उभा ख्रिस्त. मिरी-मसाले आणि कापड यांच्या बदल्यात हे नाणे शतकानुशतके पश्चिम किनाऱ्यावर उतरत राहिले. इथल्या माणसांना सेंट मार्कशी काय देणेघेणे? सोने चोख आहे आणि वर दोन आकृती आहेत, एवढे पुरे होते. त्या आकृतींत कुणी राम-सीता पाहिली, कुणी राम-लक्ष्मण. नाण्याला पुतळी म्हणू लागले, त्याला कडी लावून गळ्यात घालू लागले. खरी नाणी कमी पडली तेव्हा इथल्या सोनारांनी तसाच ठसा करून पातळ पत्र्यावर उठवायला घेतला. ठशावरून ठसा होत गेला, लॅटिन अक्षरे आधी वेडीवाकडी झाली, मग नुसते ठिपके उरले, आणि आकृती पुरत्या आपल्या झाल्या. व्हेनिसचे प्रजासत्ताक नेपोलियनने १७९७मध्ये बुडवले. महाराष्ट्रातल्या गळ्यांत मात्र पुतळ्या अजून आहेत.

या माळेला दुसरीही एक बाजू आहे. पुतळ्यांची माळ ही बाईची ठेव होती. दुष्काळ आला, नवऱ्याने कर्ज केले, पोराचे शिक्षण अडले, की दोन पुतळ्या सुट्या करून सराफाकडे जात आणि माळ पुन्हा ओवली जाई. साजाचे किंवा चंद्रहाराचे असे तुकडे पाडता येत नाहीत. जुनी माळ आखूड असेल, पुतळ्यांमध्ये नंतर रेशमाच्या गाठी किंवा साधे मणी भरलेले असतील, तर ती तशीच राहू द्यावी. नवरीच्या आईला वाटते की "पूर्ण" करून घ्यावी, नव्या चार पुतळ्या घालाव्यात. नव्या ठशाच्या पुतळ्या जुन्यांशेजारी इतक्या गुळगुळीत आणि पिवळ्याधमक दिसतात की माळेचा तोल जातो. लांबी हवीच असेल तर मागच्या दोरीत वाढवा. बाईच्या दागिन्यावर हक्क बाईचाच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. पुतळ्यांची माळ घालणाऱ्या बायकांनी तो आधीपासूनच बजावला होता.

कोल्हापुरी साजाची गोष्ट वेगळी. तो एकसंध आहे, त्यातले काही काढता येत नाही आणि घालता येत नाही. परंपरेने साजाला एकवीस पानड्या सांगतात: दहा दशावतारांच्या, आठ अष्टमंगळांच्या, दोन पानड्यांवर माणिक आणि पाचू, आणि मधोमध डोरले. बारा पानड्यांचे साजही सर्रास मिळतात आणि बारीक चणीच्या मुलीला तेच शोभतात. पानड्यांमध्ये जवमणी. हे मणी आणि पानड्या पातळ पत्र्याच्या असतात, आतून पोकळ, आणि पोकळीत लाख भरलेली. लाखेमुळे पत्र्याला आधार मिळतो आणि कमी सोन्यात दागिना भरदार दिसतो. पण त्यामुळेच साजाला काही पथ्ये पाळावी लागतात. गरम पाण्यात तो धुवायचा नाही. होमाच्या अगदी जवळ बसणार असाल तर लक्ष ठेवायचे. डाग द्यायची वेळ आली तर आधी लाख काढावी लागते, म्हणून रस्त्यावरच्या कुणालाही तो दुरुस्तीला देऊ नये. वजन करतानाही लाखेचे वजन वजा होते, हे आधी माहीत असले की सराफाच्या पेढीवर चेहरा पडत नाही.

साजाची अडचण निराळी आहे. कोल्हापूरच्या बाजूला कित्येक घरांत साज हेच सौभाग्यलेणे मानतात. अशा घरातली मुलगी पुण्या-मुंबईच्या घरात जाते, तिकडून वाट्यांचे मंगळसूत्र येते आणि दोन्ही छातीवर एकाच उंचीला येऊन भांडतात. डोरले आणि वाट्या एकमेकांवर आपटत राहतात. यावर उपाय सोपा आहे, फक्त तो आधी सुचायला हवा. साज वर घ्यावा, गळ्याच्या खळग्याखाली तीन-चार बोटांवर. मंगळसूत्र त्याच्याखाली मोकळ्या जागेत. आणि ज्या दिवशी साज घालायचा त्या दिवशी पुतळ्यांची माळ घालायची नाही. दोन्ही मधल्या उंचीचे दागिने, दोन्ही लोंबत्या पानांचे. दोन्ही वापरायचे असतील तर एक विधींना आणि एक स्वागतसमारंभाला.

मराठी लग्नात नवरीची साडी बदलते, आणि हार साडीबरोबर बदलावे लागतात. गौरीहर पुजायला ती बसते तेव्हा अंगावर बहुधा मामाकडची पिवळी साडी असते. पिवळ्यावर सोने हरवते. पिवळ्या साडीवर कितीही मोठी मोहनमाळ घाला, फोटोत ती दिसत नाही. तिथे मोती हवेत, पोवळे हवे किंवा लाल-हिरव्या मीनाकामाची एखादी ओळ हवी. तन्मणी या वेळेचा राजा आहे. बारीक मोत्यांचे सर आणि खाली खड्यांचे खोड. नथ मोत्याची असतेच, तिचे नि तन्मणीचे आपोआप जुळते, आणि कपाळावरच्या मुंडावळ्याही मोत्यांच्या असल्या तर वेगळे काही करावेच लागत नाही. पेशवाईत मोत्यांची जी हौस वाढली, तिचा मोती इराणच्या आखातातून, बसऱ्याच्या नावाने येत असे. विसाव्या शतकात जपानी संवर्धित मोती आला आणि आखाताचा तो व्यापार बसला. आता बाजारात मिळतो तो बहुतेक संवर्धितच. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. आजीचा तन्मणी बसऱ्याचा असेल तर मात्र अत्तर, केसांचा फवारा आणि हळद या तिघांपासून त्याला जपा. मोत्यावर चढलेला डाग सहज जात नाही.

पिवळी साडी उतरून शालू किंवा पैठणी आली की सोन्याची वेळ येते. गर्द हिरवा, जांभळा, कुंकवाचा लाल, निळा या रंगांवर चपलाहार आणि मोहनमाळ अशा उठतात की दुसरे काही लागत नाही. पण पैठणीचा जरीचा पदर छातीवरून आडवा आला की तिथे पुन्हा सोन्यावर सोने. म्हणून पदराच्या निऱ्या अरुंद करून खांद्यावर पक्क्या बसवाव्यात आणि लांब हाराला साडीच्या साध्या अंगावर जागा द्यावी. पदर डाव्या खांद्यावर असतो, तेव्हा हाराची डावी बाजू झाकली जाण्याची भीती कायमच असते. अर्धा दिसणारा हार हा न घातलेल्या हारापेक्षा वाईट. एकतर तो पूर्ण पदरावरून घ्या, नाहीतर पूर्ण आत ठेवून फक्त गळ्याजवळचे दागिने दिसू द्या. मी स्वतः नऊवारीवर हार नेहमी पदरावरून घ्यायच्या बाजूची आहे. नऊवारीत पदर आवळून बसतो, हार त्याच्यावर सरकत नाही. सहावारीत पदर मोकळा असेल तर हार आणि पदर दोघेही दिवसभर आपापल्या वाटेने जातात आणि नवरीच्या करवलीला दुसरे काम उरत नाही.

कमरपट्टा असेल तर लांब हार त्याच्या वर चार बोटे संपलाच पाहिजे. शाहीहाराचे पदक कमरपट्ट्यावर टेकले की बसताना आवाज होतो, उठताना अडकते, आणि पट्ट्याच्या कोरीव कामात चंद्रहाराच्या कड्या गुंतल्या तर ओढाताण होते. सराफ उभ्या माणसाच्या गळ्यात हार घालून "छान दिसतोय" म्हणतो. नवरी मात्र लग्नाचा मोठा भाग पाटावर बसून काढते. म्हणून हार ठरवताना साडी नेसून, पाटावर बसून, पुढे वाकून नमस्कार करून पाहावे. बसल्यावर हाराचे टोक मांडीत पडत असेल तर तो विधींचा हार नव्हे. होमात लाह्या टाकताना, सप्तपदीला वाकून चालताना, मोठ्यांच्या पाया पडताना हलणारे हार पुढे झोके घेतात. चंद्रहार तर तबकातल्या हळदकुंकवात बुडून येतो. विधींना चिकटणारे हार आणि सोहळ्याला हलणारे हार, अशी सरळ वाटणी करावी, असे माझे सांगणे आहे. चपलाहार, मोहनमाळ, पोहेहार सकाळी. चंद्रहार, शाहीहार संध्याकाळी, जेव्हा नवरी उभी राहणार आहे आणि येणारे-जाणारे तिला समोरून पाहणार आहेत.

आता पुन्हा त्या फुलांच्या हाराकडे येते. माळ घालण्याचा क्षण हा लग्नातला सगळ्यात जास्त टिपला जाणारा क्षण, आणि त्याच क्षणी नवरीचे सगळे लांब हार निशिगंध-गुलाबांखाली जातात. पुढच्या अर्ध्या तासाचे फोटो फुलांच्या हाराचे असतात. म्हणून या वेळेसाठी गळ्यालगतचा दागिना आणि एखादा मधला दागिना पुरतो. शिवाय ओल्या फुलांचे पाणी आणि परागांचे डाग मोत्यांना आणि रेशमी दोरीला बाधतात. फुलांचा हार हलका, मोकळा गुंफलेला असावा, हे हारवाल्याला सांगून ठेवावे. सध्या जे मनगटाएवढे जाड हार निघाले आहेत ते दोन्ही बाजूंच्या दागिन्यांचे शत्रू आहेत.

मग मंगळसूत्र. नवऱ्या मुलाला ते मागून अडकवायचे असते. मागे काय काय असते ते पाहा: अंबाडा, त्याला गजरा, मुंडावळ्यांची गाठ, ठुशीचा गोंडा, साजाचा गोंडा, लांब हाराची दोरी, आणि घाम. मुलाने आयुष्यात कधी हूक लावलेला नसतो. बहीण मदतीला धावते, आई धावते, गुरुजी घाई करतात. हे सारे टाळता येते. मंगळसूत्राआधी मागच्या दोऱ्या एका बाजूला घेऊन मानेवर मधली जागा मोकळी ठेवावी आणि मंगळसूत्राचा आकडा आधीच तपासून ठेवावा. पुढच्या बाजूलाही त्याच्यासाठी छातीवर जागा राखलेली हवी. काही घरांत सुरुवातीला वाट्या पालथ्या ठेवायची रीत आहे. तसे असेल तर वाट्या कुठल्या कड्यांत अडकणार नाहीत एवढी मोकळीक आणखी पाहावी. मंगळसूत्राची लांबीही आधी विचारून घ्यावी. २०१३मध्ये 'होणार सून मी ह्या घरची' ही मालिका सुरू झाली आणि नायिकेच्या मंगळसूत्राची अशी लाट आली की सराफांना ते जान्हवीचे मंगळसूत्र म्हणून ठेवावे लागले. हल्ली एकाच लग्नात आखूड आणि लांब अशी दोन मंगळसूत्रे असतात. लांब मंगळसूत्र येणार असेल तर मोहनमाळ त्याच्या जागेवर आधीच जाऊन बसू नये.

एवढे सगळे वाचून कुणी म्हणेल, मग नवरीने घालायचे तरी काय? माझे उत्तर तीन दागिन्यांचे आहे. एक गळ्यालगत, एक लांब, आणि मधली जागा मंगळसूत्राची. फार तर चौथा, तोही मंगळसूत्र पडल्यावर त्याच्याशी जमेल असा. दोन हारांत किमान चार बोटांची मोकळी पट्टी दिसली पाहिजे. ब्लाउजचा गळा त्या पट्टीसाठी असतो. उंच गळ्याच्या ब्लाउजवर गळ्यालगतचा दागिना गुदमरतो, त्याऐवजी एकच लांब हार घालावा. खोल गळ्यावर अंगाचा रंग पार्श्वभूमी होतो, तिथे साज किंवा तन्मणी बसतो. खणाचा ब्लाउज असेल तर त्याची वीण मुळातच गजबजलेली, त्यावर साधा मण्यांचा हार बरा. गुळेदगुड्डचा खण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चोळीला चालत आला आहे, आणि त्यावर बोरमाळेइतके शोभणारे मी दुसरे काही पाहिलेले नाही.

उंची, बांधा, मानेची लांबी यांवरून हार ठरवण्याची कोष्टके हल्ली फार फिरतात. या पुस्तकात ती नाहीत. ठेंगणी मुलगी लांब हारात शोभत नाही हे कोष्टक मी कित्येकदा खोटे ठरलेले पाहिले आहे. बारीक मण्यांचा एकच लांब सर ठेंगण्या मुलीला उलट उंच दाखवतो. पाच सरांचा चंद्रहार कुणालाही रुंद दाखवतो. अंगावर घालून, लांबच्या आरशात पाहून जे दिसते ते खरे.

शेजारच्या प्रांतांचे हार आता आपल्या लग्नांत सर्रास दिसतात. तमिळ घरांतली कासुमाला, आंध्र-तेलंगणातले कासुलपेरू ही आपल्या लक्ष्मीहाराची सख्खी भावंडे आहेत, नाण्यांच्या त्याच कल्पनेतून आलेली. सासर किंवा माहेर त्या बाजूचे असेल तर त्यांचा मान ठेवावा आणि लक्ष्मीहार त्या दिवशी डब्यात राहू द्यावा. बंगाल्यांचा सीताहार आणि हैदराबादी मोत्यांचा सतलडाही तसेच, त्यांच्या त्यांच्या लग्नात. कुंदनाचा राणीहार आणि कोल्हापुरी साज एकत्र घालायला माझा विरोध आहे. कुंदनात खडे बोलतात, साजात सोन्याचा घाट बोलतो. दोघे एकत्र आले की घाट हरतो, कारण खड्यांची चमक आधी डोळ्यांत भरते. कुंदन हवे असेल तर संध्याकाळी, एकटे.

सोन्याबद्दल दोन शब्द, कारण त्यावाचून घरचे लोक पुस्तक मिटतील. आपल्या बोलण्यातला तोळा आज दहा ग्रॅमचा धरतात, जुन्या वह्यांमधला तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आजीच्या वहीत पाच तोळ्यांचा चपलाहार लिहिला असेल आणि वजनात अठ्ठावन्न ग्रॅम भरला तर तो वाढलेला नाही. चीनच्या युद्धानंतर १९६३च्या सुरुवातीला सोने नियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा चोख सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. ती अट काही वर्षांत उठली, पण १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९०पर्यंत राहिला. त्या काळात घरात आलेला हार असेल तर कस लावून घेतल्याशिवाय त्याची बावीस कॅरटच्या नव्या हाराशी तुलना करू नये. नवा हार घेताना हॉलमार्क पाहावाच. १ एप्रिल २०२३पासून दुकानात विकायच्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक सक्तीचा आहे. आणि एक ग्रॅम सोन्याचे, म्हणजे मुलामा दिलेले हार? त्यांना नाक मुरडायचे काही कारण नाही. गर्दीच्या कार्यालयात, परक्या गावी, आजीची मोहनमाळ घालून चिंता करत बसण्यापेक्षा मुलाम्याचा चंद्रहार बरा. फक्त खऱ्या जुन्या सोन्याच्या अगदी शेजारी तो घालू नये. जुने सोने मंद तांबूस असते, मुलामा उग्र पिवळा, आणि दोघांत बिचारे खरेच खोटे वाटते.

हार कसे चढवावेत हे शिकायला मी वाचकाला देवळात जायला सांगेन. कोल्हापूरची अंबाबाई किंवा पंढरपूरची रुक्मिणी सणाला पूर्ण शृंगारात असते तेव्हा पाहा. रुक्मिणीमातेच्या दागिन्यांच्या यादीत मोहरांची माळ, पुतळ्यांची माळ, जवेची माळ अशी आपल्याच घरातली नावे भेटतात. दागिने पुष्कळ असूनही मुख आधी दिसते. गळ्यालगत घट्ट, मग क्रमाने लांब होत जाणारे, प्रत्येकाचे टोक वेगळ्या उंचीवर. मूर्ती वाकत नाही नि चालत नाही, त्यामुळे तिला इतके चालते. नवरीला त्यातले एक तृतीयांश घ्यायचे, क्रम मात्र तोच ठेवायचा.

शेवटी ज्याच्यावर सगळे लटकते ती दोरी. या पुस्तकात पटवेकऱ्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे, कारण लग्नघरात सराफाचे नाव सगळ्यांना ठाऊक असते आणि पटवेकऱ्याचे कुणालाच नाही. रेशमाची दोरी वळणारा, मणी गाठवणारा, सरकता गोंडा बांधणारा हा माणूस लांब हाराची लांबी ठरवतो. गोंड्याची दोरी असेल तर तोच हार सकाळी छातीवर आणि संध्याकाळी पोटावर घेता येतो. साखळी आणि आकडा असेल तर तो जिथे आहे तिथेच. जुनी दोरी मानेजवळ घामाने कुजते आणि ऐन गर्दीत तुटते. कच्च्या रंगाची लाल दोरी ओल्या गजऱ्याखाली रंग सोडते, आणि नव्या ब्लाउजच्या पाठीवर तो डाग कायमचा राहतो. ब्लाउजच्या मागच्या गळ्याला आतून दोऱ्याचे दोन बारीक फास शिवून घ्यावेत आणि दोरी त्यातून घ्यावी, म्हणजे हार एका बाजूला ओढला जात नाही. पिन लावायचीच असेल तर कडीतून लावावी, ओवलेल्या मण्यांच्या मधून कधीही नाही.

जुन्या कोल्हापुरी घरांत, पुण्याच्या वाड्यांत, सोलापूर-साताऱ्याच्या शेतकरी कुटुंबांत, आणि आता न्यू जर्सीच्या कपाटांतही हे हार आहेत. दरवर्षी त्यांतले काही मोडीत जातात, नवा सेट घेण्यासाठी. नव्या सेटचे सोने पुन्हा मोडता येईल, जुन्या ठशाची पुतळी पुन्हा घडत नाही. तेव्हा वाचकांना माझी एवढीच विनंती: मुलीचे लग्न ठरले की सराफाकडे जाण्याआधी घरातले हार बाहेर काढा, साडीवर ठेवून पाहा, आणि जे घालायचे ठरेल ते लग्नाच्या किमान महिनाभर आधी पटवेकऱ्याकडे द्या. लग्नसराईत तो ऐनवेळचे काम घेत नाही.